कोण कोणाला बिलगतं: प्रथिनांच्या जोड्या ओळखण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून नोंदवही सुरू. माणसाच्या पेशीतली कुठली दोन प्रथिनं एकमेकांना प्रत्यक्ष चिकटत असतील याचा संगणकावर अंदाज बांधायचा आणि त्यातून निवडक जोड्यांची यादी मॅडमच्या प्रयोगशाळेला द्यायची, एवढं काम आहे.

माणसात प्रथिनं बनवणारे जीन सुमारे २०,०००. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली की साधारण २० कोटी जोड्या होतात. २०२० साली ह्युरी नावाचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १७,५०० प्रथिनांची एकमेकांशी गाठ घालून पाहिली होती आणि हाती लागल्या सुमारे ५३,००० आंतरक्रिया. त्या तंत्राच्या हातून बऱ्याच जोड्या निसटल्या असणार हे धरलं तरी खऱ्या जोड्या किती विरळ असतात ते यावरून कळतं.

मॅडमकडे एका जोडीला क्लोनिंगपासून (म्हणजे जीनची प्रत चाचणीसाठी तयार करण्यापासून) निकालापर्यंत काही आठवडे जातात. आपल्या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाचे तरी हे आठवडे. वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे विसर पडणार नाही.

९ जानेवारी

बायोग्रिड या आंतरक्रियांच्या सार्वजनिक संग्रहातून माणसाची फाईल उतरवली. ओळी मोजल्या आणि खूश झाले. दुपारी पद्धतीचा रकाना उघडून पाहिला तेव्हा लक्षात आलं की त्यात जनुकीय आंतरक्रियाही मिसळलेल्या आहेत. जनुकीय म्हणजे, उदाहरणार्थ, अ हा जीन बंद केला तर पेशी जगते, ब बंद केला तरी जगते, दोन्ही बंद केले की मरते. ही माहिती मोलाची आहे, पण अ आणि ब एकमेकांना शिवतात असं त्यातून सिद्ध होत नाही. बऱ्याचदा ती एकाच ठिकाणी पोचणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवरची असतात. त्या ओळी काढल्या.

दुसरा पेच गळ टाकून ओढण्याच्या प्रयोगांचा. एका प्रथिनाला खूण बांधून ते पेशीतून ओढून काढायचं आणि सोबत काय काय आलं ते मास स्पेक्ट्रोमीटरवर पाहायचं. समजा गळाला १० प्रथिनं लागली. गळाची प्रत्येकाशी जोडी धरली तर १० जोड्या, सगळ्यांची सगळ्यांशी धरली तर ५५. प्रयोग तोच, पण मोजण्याच्या पद्धतीने आकडा साडेपाच पट झाला. आणि त्या ५५ मधल्या बऱ्याच जणांची आपसात कधी भेटही झाली नसेल, ती तिसऱ्याचा हात धरून आलेली असतात. ट्रेनिंगसाठी फक्त थेट, दोघांच्याच चाचणीतून आलेल्या जोड्या ठेवायच्या, हे ठरलं. गळाच्या जोड्या वेगळ्या फाईलमध्ये, खूण करून.

१४ जानेवारी

ओळखक्रमांक जुळवण्यात तीन दिवस गेले. एकाच जीनची अनेक रूपं, जुने रद्द झालेले क्रमांक, एका नावाखाली दोन प्रथिनं. युनिप्रॉट या प्रथिनांच्या संग्रहातला मुख्य क्रमांक प्रमाण मानला, जे जुळले नाहीत ते गाळले. किती गाळले आणि का, याची फाईल जपून ठेवली आहे.

१७ जानेवारी

आज दिवसभर ‘नाही’ शोधत होते.

मॉडेलला जुळणाऱ्या जोड्या दाखवायच्या तशा न जुळणाऱ्याही दाखवाव्या लागतात. पण ‘आम्ही पाहिलं, ही दोन चिकटत नाहीत’ असं कोणी सहसा छापत नाही. निगेटोम नावाचा असा एक संग्रह आहे, आपल्या कामाच्या मानाने तो छोटा पडतो. मग उरतो सगळ्यांचा नेहमीचा मार्ग: कुठेही नोंद नसलेल्या जोड्या यादृच्छिक उचलायच्या आणि त्यांना ‘नाही’ म्हणायचं. खऱ्या जोड्या इतक्या विरळ आहेत की यात चूक थोडीच होते.

एक मोह झाला होता. एक प्रथिन केंद्रकातलं आणि दुसरं मायटोकाँड्रियातलं घेतलं तर ती भेटणारच नाहीत, म्हणजे ‘नाही’ पक्कं. बेन-हर आणि नोबल यांनी २००६ मध्येच यातला धोका दाखवून दिलाय. असे ‘नाही’ घेतले की मॉडेल पत्ता वाचायला शिकतं. मायटोकाँड्रियात जाणाऱ्या बऱ्याच प्रथिनांच्या सुरुवातीला ठरावीक धाटणीचा तुकडा असतो, तो दिसला की काम झालं. जोडीकडे बघायची त्याला गरजच उरत नाही. मोह सोडला.

२३ जानेवारी

प्रत्येक प्रथिनाचा अमिनो आम्लांचा क्रम ईएसएम-२ या भाषा-मॉडेलमधून काढला. ६५ कोटी पॅरामीटरांची आवृत्ती वापरली. ती प्रत्येक अमिनो आम्लामागे १,२८० आकडे देते, त्यांची सरासरी काढली की एका प्रथिनाचे १,२८० आकडे झाले. दोन प्रथिनांचे आकडे शेजारी ठेवून वर छोटं न्यूरल नेटवर्क बसवलं.

पहिल्या खेपेला अ-ब आणि ब-अ यांना वेगवेगळी उत्तरं आली. जोडीला उजवं-डावं नसतं, म्हणून दोघांच्या आकड्यांची बेरीज आणि फरकाचं केवल मूल्य (उणे-अधिक चिन्ह सोडून) अशी मांडणी केली. आता क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं.

संध्याकाळी टेस्टचा निकाल आला. शंभरात नव्वदच्या वर बरोबर. मॅडमना फोन केला. त्यांना आनंद झाला, मलाही झाला. तरी यादी लगेच पाठवत नाही, एक दिवस थांबू या असं म्हणाले.

२४ जानेवारी

थांबले ते बरं झालं.

सकाळपासून एक गोष्ट सलत होती: नुसत्या क्रमावरून इतकं सोपं असतं तर हा प्रश्न कधीच सुटला असता. मग एक चाचणी केली. प्रत्येक प्रथिनाचे ईएसएमचे १,२८० आकडे काढून टाकले आणि त्या जागी प्रत्येकाला एकदाच काढलेले १,२८० यादृच्छिक आकडे दिले. म्हणजे मॉडेलसमोर आता प्रथिनाचा क्रम नाही, आकार नाही, रसायनशास्त्र नाही. आहे ती फक्त नावाची चिठ्ठी.

ट्रेनिंग पुन्हा चालवलं. निकाल पाहिला, मग फाईल चुकली का पाहिलं, मग पुन्हा चालवलं. स्कोअर जवळजवळ तोच.

बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. अर्थ सरळ आहे. मॉडेल जोडी ओळखत नव्हतं, चेहरे ओळखत होतं. काही प्रथिनांचे जोडीदार शेकड्यांनी नोंदलेले असतात, एकतर ती खरंच मिळून-मिसळून असतात किंवा त्यांचा अभ्यास फार झालेला असतो. कर्करोगाला आवर घालणारं, खूप अभ्यासलेलं पी५३ हे प्रथिन घ्या. ‘हो’च्या जोड्यांमध्ये ते सारखं सारखं येतं, यादृच्छिक ‘नाही’मध्ये क्वचित. मग पी५३ दिसलं की ‘हो’ म्हणायचं, एवढ्यावर मॉडेलचं भागतं. खात्री करायला मी मॉडेलच बाजूला ठेवलं आणि नुसती मोजणी केली: ट्रेनिंगमध्ये दोघांचे मिळून किती जोडीदार आहेत? या एका आकड्यानेही टेस्टमध्ये चांगला स्कोअर मिळतो.

पार्क आणि मार्कोट यांनी २०१२ मध्ये हे स्पष्ट मांडलं होतं. टेस्टच्या जोड्यांचे तीन वर्ग करा: दोन्ही प्रथिनं ट्रेनिंगमध्ये दिसलेली, एकच दिसलेलं, एकही न दिसलेलं. पहिल्या वर्गातला आकडा झळकतो, तिसऱ्यात घसरतो. बर्नेट आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये क्रमावरून अंदाज करणारी नावाजलेली डीप लर्निंग मॉडेलं घेतली आणि ही गळती (टेस्टमधली प्रथिनं ट्रेनिंगमध्येच दिसलेली असणं) बंद केल्यावर ती नाणेफेकीच्या जवळ येतात असं दाखवलं. दोन्ही पेपर मी आधी वाचले होते. वाचून मान डोलावणं वेगळं आणि स्वतःच्या फाईलमध्ये ते समोर येणं वेगळं.

२८ जानेवारी

विभागणी नव्याने केली. आता जोड्या नाही, प्रथिनंच दोन गटांत वाटायची. शिवाय सख्खी-चुलत प्रथिनं एकाच गटात राहिली पाहिजेत, म्हणून आधी एमएमसीक्स२ (MMseqs2) हा क्रम जुळवून पाहणारा प्रोग्राम वापरून ४० टक्के साम्याच्या वर असलेल्यांचे पुंजके केले आणि पुंजका मोडायचा नाही असं ठरवलं.

किंमत मोजावी लागतेच. प्रथिनं निम्मी-निम्मी वाटली की एक पाय इकडे, एक तिकडे अशा जोड्या सरासरीने निम्म्या होतात, आणि त्या सगळ्या टाकून द्याव्या लागतात. जाळं कमीत कमी धागे तुटतील असं कापणारी पद्धत वापरली तेव्हा नुकसान जरा कमी झालं. ‘नाही’च्या जोड्याही नव्याने काढल्या: एखादं प्रथिन ‘हो’मध्ये जितक्या वेळा येतं तितक्याच वेळा ते ‘नाही’मध्येही आलं पाहिजे. आता नुसत्या चेहऱ्यावरून काही कळणार नाही.

निकाल: यादृच्छिक आकड्यांचं मॉडेल नाणेफेकीवर आलं, जसं यायला हवं. ईएसएमचं मॉडेल त्याहून थोडंसं वर. थोडंसंच. पण हे थोडंसं खरं आहे, आणि मला त्या नव्वदपेक्षा ते जास्त मोलाचं वाटतं.

३० जानेवारी

मॅडमना सगळं सांगितलं. वाईट वाटलं त्यांना, पण रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, ‘‘अगं, हे आमच्याकडे रोजचं आहे. ये, दाखवते.’’

त्यांची चाचणी यीस्ट टू-हायब्रिड. फील्ड्स आणि साँग यांनी १९८९ मध्ये मांडलेली. यीस्टमध्ये गॅल४ नावाचं एक प्रथिन आहे. त्याचा एक भाग डीएनएला धरतो, दुसरा जीन चालू करतो. दोन्ही भाग तोडून वेगळे करायचे, एकाला आपलं पहिलं प्रथिन जोडायचं, दुसऱ्याला दुसरं. आपली दोन प्रथिनं एकमेकांना चिकटली तर गॅल४चे तुकडे जवळ येतात, हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बनवायला लागणारा जीन चालू होतो आणि हिस्टिडीन नसलेल्या माध्यमावरही यीस्ट वाढतं.

त्यांनी एक प्लेट उजेडात धरली. एका ओळीत सगळेच ठिपके वाढलेले, दुधी, जाडसर. मला वाटलं, वा, सगळ्याच जोड्या जुळल्या. मॅडमनी त्या ओळीतल्या शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ‘‘इथे जोडीदारच नाहीये. रिकामा व्हेक्टर आहे.’’ म्हणजे जीन पेशीत नेणारा डीएनए होता, पण त्यात दुसरं प्रथिनच नव्हतं. पहिलं प्रथिन एकट्यानेच जीन चालू करत होतं, समोर कोणीही असो वा नसो. याला त्या सेल्फ-ॲक्टिव्हेटर म्हणतात, आणि रिकाम्या जोडीदाराचा ठिपका लावल्याशिवाय एकही प्लेट वाचत नाहीत.

माझ्या मॉडेललाही हीच शिस्त हवी होती. घरी येताच रिकामा जोडीदार बनवला: एका बाजूला खरं प्रथिन, दुसऱ्या बाजूला सगळ्या प्रथिनांची सरासरी. त्यावरही मॉडेल ‘हो’ म्हणत असेल तर तो ‘हो’ जोडीचा नाही. यापुढे प्रत्येक अंदाजातून हा रिकामा स्कोअर वजा करूनच क्रम लावायचा.

५ फेब्रुवारी

मॉडेल समजा सुधारलं, फार सुधारलं, तरी काय होईल याचा हिशेब आज मांडला. १० लाख जोड्या घेऊ. हजारात एक खरी धरू, म्हणजे खऱ्या १,०००. मॉडेल खऱ्यांपैकी ९५ टक्के पकडतं: ९५०. उरलेल्या ९,९९,००० पैकी फक्त ५ टक्क्यांना चुकून ‘हो’ म्हणतं: ४९,९५०. एकूण ‘हो’ झाले ५०,९००, त्यात खरे ९५०. शंभरात दोनही नाहीत.

निम्मे ‘हो’, निम्मे ‘नाही’ अशा टेस्टवर हेच मॉडेल ९५ टक्के दिसेल. म्हणून मॅडमना एकच अचूकता सांगायची नाही. यादीतल्या वरच्या २० पैकी किती खऱ्या निघतील, एवढंच त्यांच्या कामाचं आहे, आणि ते वास्तवातल्या प्रमाणावरच मोजायचं.

११ फेब्रुवारी

क्रमाचं मॉडेल पहिल्या चाळणीपुरतं ठेवलं. दुसरी चाळणी रचनेची: अल्फाफोल्ड-मल्टिमर. दोन्ही क्रम एकत्र द्यायचे आणि ते जोडीची त्रिमितीय रचना मांडून दाखवतं. त्याला बळ मिळतं ते उत्क्रांतीकडून. दोन प्रथिनं जिथे एकमेकांना टेकतात तिथे एकीकडचं अमिनो आम्ल बदललं तर दुसरीकडचंही त्याला सांभाळून घ्यायला बदलतं. अनेक जीवांतले क्रम एकाखाली एक मांडले की हे जोडीने झालेले बदल दिसतात. अट एवढीच की एका जीवाचा अ त्याच जीवाच्या ब समोर यायला हवा.

आधी माहितीची जोडी चालवली: पी५३ आणि त्याला धरून दाबून ठेवणारं एमडीएम२. पी५३ पूर्ण, ३९३ अमिनो आम्लं, समोर पूर्ण एमडीएम२, ४९१. उत्तर गोंधळाचं आलं, लांब सैल दोरे आणि कमी स्कोअर. मग पी५३चा सुरुवातीचा तुकडा आणि एमडीएम२चा पुढचा डोमेन (स्वतंत्र घडी असलेला भाग) एवढंच दिलं. आता चित्र बदललं. पी५३चा हा भाग एरवी मोकळा, अस्ताव्यस्त असतो. एमडीएम२च्या खाचेत येताच त्याची मळसूत्रासारखी गुंडाळी होते आणि तिच्या एकाच बाजूने तीन अमिनो आम्लं खाली उतरतात: १९ वं फेनिलअलानिन, २३ वं ट्रिप्टोफॅन, २६ वं ल्युसिन. मधलं ट्रिप्टोफॅन सर्वांत खोल. चित्र फिरवून मी ते खालून पाहिलं, खाचेचा तळ आणि ट्रिप्टोफॅनचं दुहेरी कडं यांच्यात जागाच उरलेली नाही. याच खाचेत बसून पी५३ला मोकळं करणारे नटलिन हे रेणू २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

एक गोष्ट मात्र स्वतःला बजावली. या जोडीची स्फटिक-रचना १९९६ पासून उपलब्ध आहे आणि अल्फाफोल्ड तसल्याच रचनांवर शिकलंय. त्यामुळे हे जुळलं म्हणून पद्धत सिद्ध झाली असं नाही. कळलं ते इतकंच की सैल भाग असतील तर तुकडे करून द्यावेत. पूर्ण लांबीवर ‘नाही’ आलं तर लगेच विश्वास ठेवायचा नाही.

१९ फेब्रुवारी

२० कोटी जोड्यांची रचना काढणं आपल्या एका जीपीयूच्या (ग्राफिक्स प्रोसेसरच्या) आवाक्यातलं नाही. २०२१ मध्ये हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या ८३ लाख जोड्या चाळल्या, आधी भराभर रोझेटाफोल्ड या रचना सांगणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामने, मग निवडक अल्फाफोल्डने. शेवटी १,५०५ संभाव्य जोड्या उरल्या. आपणही पायऱ्या लावू, आकार लहान.

उमेदवार निवडताना प्रथिनांच्या संबंधांचे अनेक पुरावे एकत्र करणाऱ्या स्ट्रिंग या संग्रहाचा आधार घेतला, पण त्याचा एकत्रित स्कोअर जसाच्या तसा घेतला नाही. तो ‘कामात संबंध आहे’ हे सांगतो, ‘स्पर्श आहे’ हे सांगेलच असं नाही. त्यातला लेखांमधून नावं वेचणारा भाग मी मुद्दाम बंद केला. ज्या प्रथिनांवर खूप लिहिलं गेलंय तीच तिथे वर येतात, म्हणजे चेहऱ्याची गळती मागच्या दाराने परत. सह-अभिव्यक्ती (दोन जीन एकाच वेळी चालू-बंद होणं) ठेवली. दोन जीन जोडून एक होण्याचा पुरावाही ठेवला. हा मला फार आवडतो: जिवाणूत डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेजचे दोन घटक दोन वेगळ्या जीनमधून येतात, यीस्टच्या टोपोआयसोमरेज २ मध्ये तेच एका सलग प्रथिनात सापडतात. एकीकडे एकजीव असलेली दुसरीकडे सुटी दिसली, तर ती एकमेकांना धरत असण्याची शक्यता बरीच.

२६ फेब्रुवारी

लांब जोड्यांवर जीपीयूची मेमरी संपली, रात्रीचा रन वाया. डोमेनच्या सीमा पाहून तुकडे केले.

४ मार्च

प्रत्येक उमेदवाराबरोबर काही तोतये जोडीदार चालवले: लांबी साधारण तीच, पण संबंध नसलेले. मॅडमच्या रिकाम्या व्हेक्टरचाच हा भाऊ.

यात एक उमेदवार सापडला. खऱ्या जोडीदाराशी आयपीटीएम (दोघांच्या जुळणीवर अल्फाफोल्डचा स्वतःचा विश्वास, ० ते १) ०.८ च्या वर, म्हणजे एरवी विश्वास ठेवावा असा. पण तोतयांपैकी दोघांशीही तसाच. रचना उघडली तेव्हा कारण दिसलं. लांबच लांब कॉइल्ड-कॉइल, दर सात अमिनो आम्लांनी तोच साचा, समोर दुसरी तशीच दोरी आली की तिच्याभोवती वळतं. रचनेत कुठे किती चूक असेल याचा अंदाज देणाऱ्या तक्त्यात कर्णाच्या बाहेर गडद चौकोनाऐवजी एक लांब पट्टा होता. जोडी खरी असेलही, पण आपल्या पद्धतीला ती ओळखता येत नाही. यादीतून काढली आणि का काढली ते लिहिलं. पहिल्या पाचात होती ती. जड गेलं.

१२ मार्च

यादी दिली. २० ओळी, पण सगळ्या आपल्या आशेच्या नाहीत. १२ उमेदवार, ४ पक्क्या माहितीच्या जोड्या, ४ तोतये. क्रम मिसळलेला, किल्ली माझ्याकडे बंद फाईलमध्ये. मॅडमना कोणती कुठली ते ठाऊक नाही. ही कल्पना त्यांचीच. माझा क्रमही तारखेसह आधीच जतन केलाय, नंतर त्याला हात लावायचा नाही.

२ मे

पहिल्या प्लेट वाढल्या. किल्ली अजून उघडलेली नाही, म्हणून फक्त जे दिसलं ते लिहिते. रिकाम्या व्हेक्टरच्या ओळी स्वच्छ, एक सोडून. ती ओळ बाद. ७ नंबरची जोडी वाढली आहे, आणि पार्श्वभूमीची वाढ दाबणारं ३-एटी वाढवल्यावरही टिकली आहे. पण तीच जोडी उलटी लावली, पहिलं प्रथिन दुसऱ्याच्या जागी, तर काहीच नाही. मी मॉडेलमध्ये अ-ब आणि ब-अ सारखं उत्तर देतील अशी सक्ती केली होती. यीस्टमध्ये ती सक्ती नाही: गॅल४चा तुकडा कोणत्या टोकाला जोडलाय, त्याने जुळण्याची जागा झाकली का, यावर सगळं अवलंबून.

मॅडम म्हणाल्या, तुकडा दुसऱ्या टोकाला लावून पुन्हा क्लोन करू या. ७ नंबर कोण आहे ते बघायला हात शिवशिवतोय, पण किल्ली त्या निकालानंतरच. तोपर्यंत मी दोन्ही प्रथिनांची टोकं रचनेत कुठे येतात ते २० ही जोड्यांसाठी काढून ठेवते. म्हणजे कुठल्या जोडीत तुकडा कुठे लावायचा हे नंबर न फोडता त्यांना सांगता येईल.